जुना रेग्युलेटर : सांभाळावा कोणता, बाजूला ठेवावा कोणता?

हळर्णजवळून वाहणारी शापोरा नदी जून महिन्यात तांबडे पाणी घेऊन समुद्राकडे धावू लागली की गोव्यातील स्कूबा डायव्हिंगचा हंगाम संपल्यातच जमा असतो. नद्यांनी आणलेला गाळ आणि खवळलेली लाट यांमुळे पाण्याखालचे काही दिसेनासे होते. वास्कोनजीकच्या ग्रँड आयलंडकडे पर्यटकांना नेणाऱ्या होड्या ऑक्टोबरपर्यंत विसावतात. शेजारच्या सिंधुदुर्गात, तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावरही हेच चित्र असते. हा विश्रांतीचा काळ म्हणजेच उपकरणे तपासण्याचा काळ. जुन्या रेग्युलेटरपैकी कोणते पुढच्या हंगामासाठी ठेवायचे, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय.

रेग्युलेटरचे काम समजले की हा निर्णय सोपा होतो. पाठीवरच्या टाकीत हवा सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते. टाकीला जोडलेला पहिला टप्पा हा दाब सभोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार अधिक इतक्यावर आणतो. तोंडात धरायचा दुसरा टप्पा श्वास घेताच उघडतो आणि पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतो. १० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट आणि २० मीटरवर तिप्पट होत असल्याने, खोलीबरोबर प्रत्येक श्वासाला लागणारी हवाही त्याच प्रमाणात वाढते.

पहिल्या टप्प्यात दट्ट्या तरी असतो किंवा पडदा तरी. दट्ट्याची रचना साधी, हलणारे भाग कमी. पडद्याच्या रचनेत झडप खाऱ्या पाण्यापासून व गाळापासून अलग राहते. आपल्या गढूळ किनाऱ्यावर हा मोठाच लाभ. असंतुलित दट्ट्याच्या रेग्युलेटरमध्ये टाकी रिकामी होत जाते तसा मधला दाब घटतो आणि श्वास जड होऊ लागतो. संतुलित रचनेत तसे होत नाही. म्हणून असंतुलित पण सुस्थितीतला रेग्युलेटर उथळ पाण्यातील सरावासाठी ठेवण्यास हरकत नाही. खोल पाण्यासाठी मात्र संतुलितच निवडावा.

वय हा निवडीचा पहिला निकष नव्हे. स्कूबाप्रो कंपनीचे मार्क ५ किंवा यूएस डायव्हर्सचे कॉनशेल्फ ही अर्धशतकापूर्वीची मॉडेले आजही जगभर वापरली जातात. त्यांचे अंग पितळेचे असून त्यावर क्रोमचा मुलामा असतो. झिजतात त्या प्रामुख्याने ओ-रिंग, झडपेची बैठक आणि रबरी पडदे. हे भाग बदलता आले की यंत्र पुन्हा कामाला लागते. म्हणून पहिला प्रश्न असा, की या मॉडेलचे सुटे भाग आज मिळतात का आणि ते बसवणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ आहे का? उत्तर नाही असेल, तर दहा वर्षांचा चकचकीत रेग्युलेटरही निरुपयोगी ठरतो.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे : बिघडल्यावर हे यंत्र काय करते? बहुतेक रेग्युलेटरमधील दुसऱ्या टप्प्याची झडप वाढलेल्या दाबाने उघडते. हवा वाया जाते, पण श्वास थांबत नाही. काही जुन्या रचनांत मात्र दाब वाढला की झडप अधिकच घट्ट मिटते. त्यांना दाब सोडणारी स्वतंत्र झडप अत्यावश्यक असते. ती नसल्यास किंवा अडकलेली असल्यास तो रेग्युलेटर पाण्यात नेऊ नये.

तिसरा प्रश्न जोडण्यांचा. टाकीतील दाब दाखवणारा मापक, पर्यायी दुसरा टप्पा आणि तरंग-जाकिटाची नळी यांसाठी पहिल्या टप्प्यावर पुरेशी छिद्रे हवीत. दाबमापक जोडण्याची सोय नसलेला रेग्युलेटर आजच्या डायव्हिंगसाठी अयोग्यच. जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध केलेल्या अॅक्वालंगच्या परंपरेतील दोन नळ्यांचे रेग्युलेटर जाणकार छांदिष्टांनी जरूर जतन करावेत. पर्यटकांच्या तोंडी देण्याची ती वस्तू नव्हे.

यानंतर प्रत्यक्ष तपासणी. हवा आत शिरते तिथली छोटी गाळणी पुष्कळ काही सांगते. ती हिरवट दिसली तर खारे पाणी आत गेले आहे. तांबूस असेल तर पोलादी टाकीत गंज आहे. काळी पडली असेल तर हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरकडे पाहावे. पितळेवरचा थोडा कळंक साफ करता येतो. पण झडप जिथे टेकते ती धातूची कडा खड्डे पडून खराब झाली असेल, तर नवी बैठक बसवूनही उपयोग होत नाही. मधला दाब मापकावर स्थिर राहिला पाहिजे. तो सावकाश चढत असेल तर झडप गळते आहे. आणखी एक सोपी चाचणी अशी : टाकीपासून सुटा केलेला रेग्युलेटर टोपण घट्ट लावून तोंडात धरावा आणि हवा ओढावी. हवा आली, तर पडदा, झडप किंवा आवरण यांपैकी काहीतरी फाटले वा सैल झाले आहे.

निवडलेल्या रेग्युलेटरची निगाही तितकीच महत्त्वाची. प्रत्येक वापरानंतर टोपण कोरडे करून लावावे आणि गोड्या पाण्यात धुवावे. धुताना दुसऱ्या टप्प्यावरची कळ दाबू नये, अन्यथा पाणी आत शिरते. पावसाळ्यात तो नळ्या न मुडपता, उन्हापासून दूर, हवेशीर जागी ठेवावा. वापर झाला नाही तरी रबर जुने होतच असते. त्यामुळे वार्षिक तपासणी चुकवू नये आणि कोणता भाग कधी बदलला याची नोंद प्रत्येक रेग्युलेटरपुरती स्वतंत्र ठेवावी.

प्रथमच पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाला हातातील उपकरण नवे की जुने, सुस्थितीत की गळके, हे कळण्याचा मार्ग नसतो. त्याच्या वतीने तो निर्णय किनाऱ्यावर, हंगामापूर्वीच, दुसऱ्या कोणीतरी घेतलेला असतो. जुने यंत्र ठेवण्यात कमीपणा नाही. ज्याची हमी देता येत नाही ते ठेवण्यात मात्र धोका आहे.