अँटन ब्रुकनर : परीक्षा देत राहिलेला गुरुजी



एक प्रश्न विचारतो. शिक्षक झाल्यावर माणसाचं शिकणं संपतं का? तुम्ही लगेच म्हणाल, "नाही सर!" पण नोकरी लागली, पगार सुरू झाला, की हातातलं पुस्तक हळूहळू कपाटात जातं, हे आपल्यालाही ठाऊक आहे. म्हणूनच आज ऑस्ट्रियातल्या एका गुरुजींची ओळख करून घेऊया. ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि प्रार्थनेसाठी संगीत रचत. त्यांचे नाव अँटन ब्रुकनर.

बालपण

ब्रुकनर यांचा जन्म ४ सप्टेंबर १८२४ रोजी ऑस्ट्रियातील आन्सफेल्डन या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेत मास्तर होते. त्या काळी तिथे शाळामास्तरानेच चर्चमधला ऑर्गन वाजवायचा, अशी पद्धत होती. त्यामुळे छोट्या अँटनला अक्षरं आणि सूर दोन्ही घरातच मिळाले.

१८३७ मध्ये वडील वारले. अँटन तेव्हा अवघा बारा वर्षांचा, भावंडांत सर्वांत थोरला. आईने त्याला जवळच्या सेंट फ्लोरियन मठात गायक मुलगा म्हणून ठेवले. मठात एक भव्य ऑर्गन होता. त्याच्या सुरांनी या मुलाच्या मनात कायमचं घर केलं.

ऑर्गन म्हणजे काय?

आपली बाजाची पेटी तुम्ही पाहिली आहे. भाता हलवला की हवा आत जाते, पट्टी दाबली की धातूची पातळ जीभ थरथरते आणि सूर निघतो. जुन्या मराठी संगीत नाटकांत पायाने भाता मारायचा जो ऑर्गन असे, तोही याच जातीचा. चर्चमधला मोठा ऑर्गन मात्र वेगळा. त्यात हवा नळ्यांमध्ये सोडतात. जणू शेकडो बासऱ्या एकाच वाद्यात बसवल्या आहेत! लांब नळीचा सूर खर्जाचा, आखूड नळीचा सूर चढा. हातांसाठी एकावर एक पट्ट्यांच्या दोन-तीन ओळी असतात आणि खालचे सूर चक्क पायांनी वाजवायचे असतात. विजेची सोय नसलेल्या त्या काळात वादक वाजवायला बसला की मागे माणसं भाते ओढत उभी असत. सेंट फ्लोरियनच्या ऑर्गनमध्ये आज सात हजारांहून अधिक नळ्या आहेत.

बारा गुल्डनचा मास्तर

लिंझ शहरात शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन १८४१ मध्ये ब्रुकनर विंडहाग या गावी साहाय्यक शिक्षक झाले. पगार किती? वर्षाला १२ गुल्डन, म्हणजे अगदी तुटपुंजा. शिकवायचे तर होतेच, शिवाय पहाटे चर्चची घंटा वाजवायची आणि शेतातही राबायचे. पुढे १८४५ मध्ये ते शिक्षक म्हणून सेंट फ्लोरियनला परतले. तिथे त्यांनी दहा वर्षं शाळा सांभाळली आणि ऑर्गनही वाजवला. १८५५ च्या अखेरीस लिंझच्या कॅथेड्रलमध्ये ऑर्गनवादकाची जागा मिळाली आणि शाळेची नोकरी सुटली.

पुन्हा विद्यार्थी

आता खरी गंमत बघा. एवढं चांगलं पद मिळालं, पण हा माणूस स्वस्थ बसला नाही. 'आपला पाया कच्चा आहे' असं त्यांना सतत वाटे. म्हणून व्हिएन्नातील सिमोन झेख्टर या कडक गुरूंकडे त्यांनी सहा वर्षं संगीतशास्त्राचा अभ्यास केला. बराचसा अभ्यास टपालाने! हे गृहपाठ सोडवायचे आणि पाठवायचे, गुरुजी तपासून परत पाठवायचे. एकदा तर इतक्या वह्या पोहोचल्या, की प्रकृतीला जपा, असं गुरूंनाच सांगावं लागलं. शिकत असेपर्यंत स्वतःच्या मनाने रचना करायची नाही, अशी झेख्टर यांची अट होती. तीही त्यांनी जवळजवळ पूर्ण पाळली.

नोव्हेंबर १८६१ मध्ये व्हिएन्नातील एका चर्चमध्ये त्यांची परीक्षा झाली. वय ३७. परीक्षकांनी एक छोटी सुरावट दिली, दुसऱ्या परीक्षकाने ती मुद्दाम आणखी लांब आणि अवघड केली. ब्रुकनर थोडा वेळ विचार करून ऑर्गनवर बसले आणि तिच्यावर आयत्या वेळी अशी रचना उभी केली, की परीक्षक हेर्बेक म्हणाले, खरं तर यांनीच आमची परीक्षा घ्यायला हवी होती!

एवढ्यावर थांबले का? नाही. त्यानंतर ते वाद्यवृंदाची रचना शिकायला ऑटो किट्झलर यांच्याकडे गेले. हे गुरू त्यांच्याहून जवळजवळ दहा वर्षांनी लहान होते.

भक्तिसंगीत

इतकं शिकल्यावर लेखणी मोकळी झाली. १८६४ ते १८६८ या काळात त्यांनी तीन मोठे 'मास' रचले. मास म्हणजे कॅथलिक उपासनाविधीतील (आपल्या वसईकडचे ख्रिस्ती बांधव त्याला मिस्सा म्हणतात) प्रार्थनांना दिलेले संगीत. यांपैकी ई मायनरमधला मास १८६९ मध्ये लिंझला उघड्या मैदानात सादर झाला, कारण नव्या कॅथेड्रलचे बांधकाम अजून चालू होते. त्यात आठ भागांत गाणारा गायकवृंद आणि फक्त फुंकून वाजवायची वाद्ये आहेत, एकही व्हायोलिन नाही.

हे यश सहज आले नाही. १८६७ मध्ये मनावरचा ताण असह्य होऊन त्यांना सुमारे तीन महिने उपचार घ्यावे लागले. दिसेल ती वस्तू मोजत राहण्याचा छंद त्यांना जडला होता. त्यातून सावरताना त्यांनी तिसरा मास लिहायला घेतला.

अपमान आणि यश

१८६८ मध्ये झेख्टर यांच्या जागी ते व्हिएन्नाच्या संगीत विद्यालयात शिकवू लागले. ऑर्गनवादनाने त्यांनी पॅरिस आणि लंडनही गाजवले. पण १६ डिसेंबर १८७७ रोजी त्यांनी स्वतः आपली तिसरी सिंफनी सादर केली, तेव्हा लोक मध्येच उठून जाऊ लागले. शेवटी सभागृहात मोजकेच श्रोते उरले. त्यांत एक तरुण विद्यार्थी होता, पुढे मोठा संगीतकार झालेला गुस्ताव माहलर.

मोठे यश मिळाले ते डिसेंबर १८८४ मध्ये, लाइपझिगला सातवी सिंफनी वाजली तेव्हा. ब्रुकनर तेव्हा साठ वर्षांचे होते!

मला काय वाटतं?

ब्रुकनर यांना प्रमाणपत्रं गोळा करायची फार हौस होती. पण गंमत अशी, की एवढी प्रमाणपत्रं मिळूनही त्यांचा स्वतःवर विश्वास बसला नाही. कुणी नावं ठेवली की ते जुनी रचना पुन्हा दुरुस्त करत बसायचे. म्हणजे शिकण्याची भूक त्यांच्याकडून जरूर घ्यावी, पण प्रत्येकाच्या शेऱ्याने स्वतःचं काम खोडत बसू नये. आपण शिक्षकांनीही लाल शाईचा पेन उचलताना हे आठवावं. एखाद्या मुलाला आपला एक शेरा आयुष्यभर पुरतो.

आणखी एक हुरहूर लावणारी गोष्ट. एवढा मोठा ऑर्गनवादक, पण ऑर्गनसाठी त्यांनी लिहून ठेवलेल्या रचना अगदी थोड्या. बसल्या जागी सुचेल ते वाजवायचे आणि ते हवेत विरून जायचे. श्रोत्यांनी ऐकलं तेवढंच!

११ ऑक्टोबर १८९६ रोजी व्हिएन्नात त्यांचे निधन झाले. नववी सिंफनी अपूर्ण राहिली. ती त्यांनी देवाला अर्पण केली होती. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना सेंट फ्लोरियनमध्ये, त्याच ऑर्गनच्या खाली तळघरात चिरविश्रांती दिली आहे. बारा वर्षांचा पोरका मुलगा जिथे आला होता, तिथेच.

उपक्रम : ब्रुकनर यांची 'लोकुस इस्ते' ही तीन-चार मिनिटांची रचना डोळे मिटून ऐका. यात वाद्य एकही नाही, फक्त आवाज आहेत. शेवटाकडे सगळे एकदम थांबतात, ती शांतता तुम्हाला कशी वाटली? वहीत चार ओळी नक्की लिहा.