सायकलस्वारांनो, पाणी हाताशी ठेवा!

उन्हाळ्यात दुपारी माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांत सायकलवरून फिरणारे बरेच असतात. डोके दुखते, पायांत गोळे येतात, लघवी गडद पिवळी होते. 'वाटेत पाणी प्यायलात का?' असे विचारले, की 'बाटली पिशवीत होती, काढायचा कंटाळा केला,' हे उत्तर ठरलेले!

सायकलवर वारा लागून घाम लगेच वाळतो. त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले ते कळत नाही. तहान लागेपर्यंत पाणी कमी झालेलेच असते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगातून सव्वा लिटर पाणी गेले, तरी दमछाक सुरू होते.

म्हणून बाटली डोळ्यांसमोर व हाताशी हवी. ती हँडलला लोंबकळत ठेवू नका. पुढच्या चाकात अडकून अपघात होईल. त्यापेक्षा बाटलीचा स्टँड सायकलच्या खालच्या तिरक्या दांड्यावर बसवा.

बऱ्याच नव्या सायकलींच्या या दांड्यावर सुमारे ६४ मिलिमीटर अंतरावर दोन बोल्ट असतात. साधारणपणे ४ मिलिमीटरच्या एलन चावीने ते निघतात. आट्यांना तेलाचा थेंब लावावा, स्टँड ठेवून दोन्ही बोल्ट आधी बोटांनी फिरवावेत आणि मग आळीपाळीने आवळावेत. फार जोर केल्यास आटे जातात.

जुन्या काळ्या सायकलींना अशी भोके नसतात. ती मुळीच पाडू नका. दांडा कमजोर होतो. पट्टीने आवळायचा स्टँड घ्या व खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, म्हणजे तो सरकत नाही. ब्रेकची सळई किंवा तार पट्टीखाली दबू देऊ नका. शेवटी पेडल फिरवून, हँडल दोन्हीकडे वळवून पाहा. बाटली गुडघ्याला वा चाकाला लागता कामा नये.

दर पंधरा-वीस मिनिटांनी रस्त्याच्या कडेला थांबून चार घोट प्यावेत. तासाहून अधिक उन्हात राहायचे असेल, तर मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत बरे. बाटली रोज घासून धुवावी. हृदयाचे वा मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला वा बेशुद्ध पडला, तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका. सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला आणि ताबडतोब रुग्णालय गाठा.