बेवड आणि मातीतील बुरशी

शेत पाहणारा जाणता शेतकरी हमखास विचारतो, ‘बेवड कशाचा?’ मागील पिकाने जमीन कोणत्या स्थितीत सोडली, हे त्याला जाणून घ्यायचे असते. हरभऱ्याचा किंवा मुगाचा बेवड चांगला, असे आपण मानतो आणि त्याचे श्रेय मुळांवरील गाठींना व नत्राला देतो. या हिशेबात मातीतील बुरशी मात्र राहून जाते.

बुरशी म्हणताच आपल्याला मर, करपा, तांबेरा आठवतो. परंतु पिकाला पोसणारी बुरशीही असते. मुळे आणि बुरशी यांच्या सहजीवनाला जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ साली ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. ज्वारी, तूर, कापूस, मका, कांदा अशा बहुतेक पिकांच्या मुळांत ती शिरते. तिचे तंतू मुळांवरील केसांहूनही बारीक असून मुळांपासून काही सेंटिमीटर दूरवर पसरतात. स्फुरद मातीत जागचा फारसा हलत नाही. मुळालगतचा साठा संपला की पिकाची उपासमार होते. बुरशी दूरचा स्फुरद आणि जस्त आणून देते व मोबदल्यात पिकाने तयार केलेली साखर घेते. व्यवहार चोख आहे. अट एकच, जिवंत मुळावाचून ही बुरशी वाढू शकत नाही.

ही अट मोडली की काय होते, ते ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात दिसून आले. तेथील डार्लिंग डाउन्स भागाची माती आपल्या काळ्या जमिनीसारखीच भेगाळणारी, चिकण. ओल साठावी म्हणून तेथे शेत वर्षाहून अधिक काळ पड ठेवीत व तणही उगवू देत नसत. त्यानंतर पेरलेले पीक, ओल आणि नत्र भरपूर असूनही, खुरटे राही. त्यात स्फुरद व जस्ताची कमतरता आढळे. पड काळात मुळांअभावी बुरशी घटल्याने हे घडते, असे जे. पी. थॉम्पसन यांनी १९८७ साली दाखवून दिले. सूर्यफूल व जवस यांना फटका मोठा, गव्हाला कमी.

आपल्याकडे एवढी दीर्घ पड क्वचितच असते. तरीही वारंवार नांगरट आणि रोटाव्हेटर यांनी तंतूंचे जाळे तुटते. खोल नांगरटीने हुमणी व तणे आटोक्यात येतात हे खरे. म्हणून ती टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. पण गरज नसताना, शेजाऱ्याने केली म्हणून करण्यात डिझेल जाते आणि बुरशीही. मोहरी, कोबी, मुळा या कुळातील पिके तिला आसराच देत नाहीत. त्यांच्या बेवडावर ती कमी आढळते. उलट कापसात किंवा ज्वारीत तूर घेण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत तिला सोयीची, कारण मुख्य पीक निघाल्यावरही तुरीची मुळे जमिनीत जिवंत असतात.

खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट डीएपीची. स्फुरद आयता मिळू लागला की पीक बुरशीला मुळांत थारा देणे कमी करते. अशा शेतात मायकोरायझाची विकतची पाकिटे टाकूनही फारसे साधत नाही. माती परीक्षणाच्या पत्रिकेत स्फुरद ‘जास्त’ आला असेल, तर पाकीट घेण्यापूर्वी डीएपीची मात्रा कमी करावी.