रिळाएवढी गाळणी

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजात, कॅलेंडरच्या शेजारी, दोन खिळ्यांमध्ये दोरी ताणलेली आहे. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी तिच्यावर कागदाच्या पट्ट्या लटकवल्यात. पेटीच्या भात्यासारख्या घड्यांच्या, तपकिरी, कडांना काळपट. प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात बॉलपेनने दोन आकडे: तारीख आणि तास. गॅरेजवाले मिस्त्री डर्ट बाइकचं ऑइल बदललं की जुना फिल्टर कचऱ्यात टाकत नाहीत. करवतीच्या पात्याने त्याच्या पत्र्याच्या टोप्या कापतात, आतला कागद उलगडून डिझेलात खळबळतात आणि दोरीवर टाकतात. गाडीचा मालक आला की तोंडी काही सांगण्याआधी त्याला पट्टी दाखवतात.

मी पहिल्यांदा गेलो तो साधा प्रश्न घेऊन. जुनी, चार-स्ट्रोक, २५० सीसीची होंडाची मातीवरची गाडी घेतली होती आणि तिला कुठल्या कंपनीचा ऑइल फिल्टर चांगला, एवढंच विचारायचं होतं. मिस्त्री स्टुलावर बसून कार्ब्युरेटर फुंकत होते. मान वर न करता म्हणाले, "तुझ्या गाडीत ऑइल कुठनं निघतंय आणि कुठं कुठं जातंय ते सांग. मग फिल्टर सांगतो."

मला सांगता आलं नाही. मला वाटतं, फिल्टर घ्यायला दुकानात उभ्या असलेल्या दहांतल्या आठांना येणार नाही.

आमच्या पिढीचा त्यात फार दोष नाही. मातीवरची गाडी म्हणजे आरएक्स १०० किंवा शोगन, अशा दिवसांत आम्ही वाढलो. टू-स्ट्रोक इंजिनात टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर आत जातं आणि जळून धूर होऊन बाहेर पडतं. परत फिरून येतच नाही, तर गाळणार काय? गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, तेही नुसतं ओतायचं आणि काळं झालं की सोडून द्यायचं. ऑइल फिल्टर हा शब्द ट्रॅक्टर आणि जीपवाल्यांचा होता. परदेशात तरी काय वेगळं होतं? मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर कित्येक वर्षं टू-स्ट्रोकचंच राज्य होतं. १९९७ च्या मे महिन्यात लास व्हेगासच्या सुपरक्रॉसमध्ये डग हेन्री हा रायडर यामाहाच्या चार-स्ट्रोक गाडीवर जिंकला, दुसऱ्या वर्षी वायझेड ४०० एफ विक्रीला आली, आणि मग एकेक करून सगळ्यांनी चार-स्ट्रोक काढल्या. मातीवरच्या पोरांच्या हातात फिल्टर खऱ्या अर्थाने आला तो तेव्हापासून. होंडाच्या एक्सआर, सुझुकीच्या डीआर अशा लांब पल्ल्याच्या गाड्यांत तो आधीही होता, पण त्या गाड्या आपल्याकडे फोटोतच.

तर ऑइलची वाट. इंजिनाच्या तळाशी, ज्याला सगळे चेंबर म्हणतात तिथे, ऑइल साचलेलं असतं. पंप ते ओढतो. ओढण्याआधी एक तारेची जाळी लागते, पोह्याच्या चाळणीची धाकटी बहीण म्हणा. ती फक्त मोठा ऐवज अडवते: तुटलेल्या गॅस्केटचा तुकडा, गिअरच्या दाताचा टवका. पंपातून दाबाने निघालेलं ऑइल फिल्टरमध्ये शिरतं, घड्यांच्या कागदाच्या बाहेरून आत झिरपतं, मधल्या पोकळीतून पुढे क्रँकला जातं, वर हेडमध्ये कॅमला जातं, आणि थेंबाथेंबाने पुन्हा तळाशी येतं. मोटोक्रॉसच्या गाडीत हे सगळं ऑइल मिळून लीटरभर, कधी त्याहून कमी. मोटारीत चार लीटर चार सिलिंडरांमागे आरामात फिरतं; इथे लीटरभर ऑइल मिनिटाला दहा हजारांच्या वर फिरणाऱ्या इंजिनाखाली पळत असतं. त्यात बहुतेक गाड्यांत क्लच आणि गिअरही त्याच ऑइलात न्हातात. क्लचप्लेटांची भुकटी, गिअरच्या दातांची झीज, पिस्टनचं ॲल्युमिनियम, सगळं एकाच भांड्यात. होंडाने सीआरएफ ४५० आर काढली तेव्हा इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगवेगळं ठेवलं होतं, ते उगाच नव्हे.

सगळ्या डर्ट बाइकना कागदी फिल्टर असतो असंही नाही. होंडाच्या सीआरएफ २३० एफसारख्या हवेवर थंड होणाऱ्या साध्या ट्रेल बाइकमध्ये तो नसतोच. तिथे क्रँकच्या टोकाला एक वाटी बसवलेली असते. वाटी क्रँकबरोबर फिरते, तिच्यात आलेल्या ऑइलातले जड कण बाहेरच्या भिंतीवर फेकले जाऊन चिकटतात आणि हलकं, स्वच्छ ऑइल मधून पुढे निघतं. डेअरीतल्या यंत्रात दूध गरागरा फिरवून साय वेगळी करतात, त्यातलाच हा प्रकार. ज्याने स्प्लेंडर उघडलेली पाहिलीय त्याला ही वाटी ओळखीची वाटेल, कारण स्प्लेंडरमध्ये तीच युक्ती आहे. उजवीकडचं मोठं कव्हर काढलं की तीन स्क्रूचं गोल झाकण दिसतं आणि झाकणाखाली काजळासारखा गच्च थर. गंमत अशी की हा फिल्टर बदलायचा नसतो, फक्त पुसायचा असतो, आणि नेमकं म्हणूनच तो वर्षानुवर्षं कोणी पुसत नाही. अशा गाडीसाठी दुकानात फिल्टर मागणाऱ्याला मिस्त्री फडकं देतात.

कागदाकडे येऊ. १९२३ मध्ये अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहॅल्श या अमेरिकनांनी मोटारीसाठी ऑइल फिल्टर बनवला आणि त्याला नाव दिलं प्युरोलेटर. शुद्ध ऑइल नंतर, असा तीन इंग्रजी शब्दांचा तो मुरंबा. आजचा फिल्टर असा: लाकडाच्या तंतूंचा, राळेत कडक केलेला कागद, घड्या घालून गोल केलेला, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. मोटोक्रॉस गाडीचा फिल्टर शिवणयंत्राच्या मोठ्या रिळाएवढा भरतो, मुठीत दिसेनासा होतो. घड्या घालायचं कारण एकच: एवढ्याशा जागेत जास्तीत जास्त कागद कोंबायचा.

आता दुकानदार लगेच मायक्रॉन सांगायला लागतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि कॅम ज्या ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगतो तो काही मायक्रॉनांचाच. म्हणून जितकं बारीक गाळेल तितकं चांगलं, असं वाटतं. पण नुसता आकडा अर्धवट आहे. २० मायक्रॉनचा फिल्टर म्हणजे त्या मापाचे निम्मे कण अडवणारा, की जवळजवळ सगळे? त्यासाठी बीटा म्हणून एक गुणोत्तर असतं. बीटा २ असेल तर दोन कणांतला एक पुढे सुटतो, बीटा ७५ असेल तर पंचाहत्तरांतला एक. खोक्यावर हा आकडा क्वचितच छापलेला असतो, आणि जिथे तो नाही तिथे मायक्रॉनच्या गप्पा मी तरी कानाआड करतो.

शिवाय बारीक गाळायचं म्हणजे ऑइलला अडवायचं. यावर उतारा म्हणून वाटेत एक झडप असते, बायपासची, कुठे फिल्टरच्या आत तर कुठे इंजिनात. कागद तुंबला, किंवा थंड सकाळी ऑइल काकवीसारखं घट्ट झालं, की दाब वाढतो, झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. तहानलेलं राहण्यापेक्षा मळकं पाणी बरं, असा हिशोब. लीटरभर ऑइलाच्या इंजिनात फार बारीक, लवकर तुंबणारा फिल्टर घातला तर ही झडप वरचेवर उघडणार. महाग फिल्टर मग नुसता साक्षीदार म्हणून बसून राहतो.

याच्या उलट टोकाला स्टीलच्या जाळीचा, धुऊन पुन्हा वापरायचा फिल्टर. अमेरिकेतल्या स्कॉट्स कंपनीचा ३५ मायक्रॉनचा यात नावाजलेला. ऑइल त्यातून सरळ वाहतं, फाटत नाही, भिजून फुगत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. आमच्याकडे या जाळीचं फार कौतुक आहे, आपल्याला धुऊन वापरायच्या वस्तूंचं असतंच. मिस्त्रींचा मात्र त्यावर राग आहे. जाळी म्हणजे एकच पडदा. कागद म्हणजे तंतूंचं रान, कण त्याच्या पोटात अडकतो. आणि धुणारा नीट धुतो का? रॉकेलात एकदा बुडवून, फडक्याने पुसून, त्या फडक्याचे धागे जाळीला चिकटवून परत बसवणारे मी स्वतः पाहिलेत. माझं मत विचाराल तर ज्याला दर दोन-तीन रविवारी ऑइल बदलायचंच आहे आणि धुतलेली जाळी उजेडात धरून बघायची सवय आहे, त्याने खुशाल जाळी घ्यावी. बाकीच्यांनी कागद.

कागदातही कंपन्यांच्या भांडणात मी पडत नाही. हायफ्लोफिल्ट्रो थायलंडमध्ये बनतो, के अँड एन अमेरिकन कंपनीचा; ती कंपनी तर १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला मोटरसायकलवेड्या दोघांनी सुरू केलेली. दोन्ही कंपन्यांचे क्रमांकही गंमतशीर जुळतात. होंडाच्या सीआरएफ २५० आर आणि ४५० आरला हायफ्लोफिल्ट्रोचा एचएफ ११६ लागतो, तोच के अँड एनमध्ये केएन ११६. सुझुकीच्या डीआर-झेड ४०० ला १३९, कावासाकीच्या केएक्स ४५० एफला २०७. हा आकडा पाठ असला की निम्मं काम झालं, कारण चुकीचा फिल्टर पुष्कळदा बसतो. बसतो म्हणजे आत जातो, कव्हरही लागतं. पण दोन मिलिमीटर आखूड असेल तर टोकाच्या रबराशी दाबून बसत नाही आणि ऑइल बाजूने निसटतं. खरी भीती नकली मालाची. नवा फिल्टर घेताना जुना खिशात घेऊन जावा. घड्या मोजाव्यात, टोपीशी कागद डिंकाने सगळीकडे धरलाय का ते नखाने तपासावं, रबर दाबून सोडलं की परत फुगतं का ते बघावं. काउंटरवरचा माणूस वैतागेल. वैतागू दे.

आणि मग हवा. ऑइल फिल्टरबद्दल लिहिताना हे सांगायलाच हवं, कारण मातीवर धावणाऱ्या गाडीत बाहेरची माती ऑइलमध्ये येते ती बहुतेक हवेच्या फिल्टरमधून. स्पंजचा एअर फिल्टर ऑइलात नीट भिजवून, कडेला ग्रीस लावून बसवला नाही तर मुरुमाची धूळ सिलिंडरमध्ये जाते, रिंगांवर घासते आणि खाली उतरते. दगडाची धूळ लोखंडापेक्षा कठीण. मग ऑइल फिल्टर कितीही भारी असो, तो फक्त झालेलं नुकसान गोळा करतो. दोरीवरच्या पट्ट्या वाचायला मिस्त्रींनी शिकवलं ते असं: काळा, कापसासारखा कोष म्हणजे क्लचप्लेट, लोहचुंबकाला चिकटणारे करडे काटे म्हणजे गिअर किंवा बेअरिंग, चुंबकाकडे न बघणारी चांदीची चकाकी म्हणजे पिस्टन नाहीतर हेड, सोनेरी ठिपका म्हणजे कुठलं तरी बुश खाल्लं जातंय. नव्या इंजिनाच्या पहिल्या पट्टीवर चकाकी असतेच, तिला घाबरायचं नाही. दहाव्या पट्टीवर ती परत आली तर झोप उडवायची.

बदलायचा कधी, हे किलोमीटरवर नाही, तासांवर. म्हणून हँडलजवळ छोटं तासांचं मीटर चिकटवतात. शर्यतीच्या गाडीला दहा-पंधरा तास म्हणजे पुष्कळ झाले. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली तेव्हापासून पुण्या-कोल्हापूरकडच्या पोरांत मातीचं वेड पुन्हा चढलंय, पण मीटर लावणारे अजून थोडे. मागे बदलून किती तास झाले विचारलं की "दिवाळीत बदललंय" असं उत्तर येतं.

एवढं सगळं ऐकून मी एक दिवस ऑइल घरीच बदलायचं ठरवलं. इमारतीच्या पार्किंगमध्ये ट्रे ठेवला, ऑइल सोडलं, फिल्टरचं कव्हर काढलं. स्प्रिंग बाहेर आली, फिल्टर बाहेर आला. नवा आत सरकवला, बोल्ट कसले, ऑइल भरलं, किक मारली. इंजिन चालू झालं. मिनिटभराने वरून, हेडमधून, सुपारी फोडल्यासारखी टकटक यायला लागली. मी बंद केलं आणि गाडी टेम्पोत टाकून उद्यमनगर गाठलं.

मिस्त्रींनी काही विचारलं नाही. आठच्या पान्याने कव्हर उघडलं आणि मला जवळ बोलावलं. होंडाच्या या गाड्यांच्या फिल्टरवर, रबराच्या बाजूला, इंग्रजीत ठसठशीत लिहिलेलं असतं: आउट साइड. ती बाजू बाहेर, आपल्याकडे दिसली पाहिजे; स्प्रिंग मागे, इंजिनाच्या बाजूला. माझ्या फिल्टरवर काहीच दिसत नव्हतं. नुसता सपाट पत्रा.

"उलटा घातलास लेका," ते म्हणाले. "ऑइल जाणार कुठनं?"

त्यांनी टाकी उतरवली, हेडचं कव्हर काढलं, कॅमवर बोट फिरवलं, मग बॅटरी मारून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मी श्वास धरून उभा होतो. एका ठिकाणी कॅमचा रंग किंचित निळसर झाला होता. त्यावर त्यांनी अंगठ्याचं नख घासलं, नख कुठे अडकलं नाही. "वाचलं," म्हणाले, आणि पोऱ्याला चहा आणायला पाठवलं. नवा फिल्टर बसवण्याआधी त्यांनी तो मला हातात धरायला लावला, रबरावर ऑइलचं बोट फिरवायला लावलं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचायला लावलं. गॅरेजातल्या चार लोकांसमोर मी ते वाचलं.

माझा मिनिटभर चाललेला फिल्टर मात्र त्यांनी ठेवून घेतला. पुढच्या खेपेला गेलो तर दोरीवर एक कोरी, पिवळसर, जवळजवळ नवी पट्टी लटकत होती. कोपऱ्यात तारीख होती. तासांच्या जागी शून्य. आणि घड्यांच्या मधोमध, ठळक अक्षरांत: उलटा.