जाता जाता लिहून ठेवणारा प्रोसेसर

मरता मरता आपल्या मरणाचं कारण लिहून ठेवणारा जीव मी काही पाहिला नाही, पोरांनो, पण कॉम्प्युटरच्या पोटातला प्रोसेसर हे काम इमानेइतबारे करतो, आणि तेही पुढच्या क्षणी आपण चालू असू की ठप्प, याचा भरवसा नसताना.

एवढीशी चिप, पण आत कामं वाटून दिलेली: कुणी कॅश सांभाळतो, कुणी मेमरीशी बोलतो. नोंदीसाठी त्यांना रजिस्टरांचे संच नेमून दिलेले असतात, आणि त्यांना म्हणतात बँक, पैशाशी काही संबंध नसला तरी. बिनसलं की त्या बँकेत ६४ बिटांचा एक आकडा पडतो, आणि भानगड मोठी असेल तर ‘मशीन चेक’ नावाची हाक उठते, की ऑपरेटिंग सिस्टिम हातातलं टाकून धावत येते. गंमत अशी की मशीन रिसेट केलं तरी बहुधा ही नोंद टिकते आणि ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स असेल तर पुढच्या खेपेला ती वाचून दाखवते. वीजच काढली तर मात्र गेली. म्हणून मशीन अडकल्याबरोबर प्लग उपटायला धावणाऱ्याला मी आधी खाली बसवतो.

आता ही नोंद बघा कशी असते: बँक ५, आणि पुढे ‘बीई’, मग आठ शून्यं, मग ८००४००. सोळाच्या हिशेबातला आकडा हा, म्हणून नऊनंतर अक्षरं येतात, आणि सातबाऱ्यासारखाच तो रकान्या-रकान्याने वाचायचा. पहिल्या जागी ९ असेल तर चूक झाली पण जागच्या जागी दुरुस्तही झाली, खुशाल चहा घ्या. तिथे ‘बी’ असेल तर दुरुस्ती जमली नाही. त्यामागच्या ‘ई’त आणखी वाईट बातमी दडलेली, की प्रोसेसरला स्वतःच्या स्थितीचाही भरवसा उरलेला नाही, मग लिनक्स पुढे जायचं नाकारतं, आणि बरोबरच करतं. शेवटचे चार अंक ०४००, म्हणजे आतल्या टायमरची तक्रार. हे सगळं उलगडणारा एमसीलॉग नावाचा प्रोग्रॅम तर ठणकावून सांगायचा की दोष सॉफ्टवेअरचा नाही, हार्डवेअर विकणाऱ्याला गाठा!

पण मुळात चूक होते कशी? कधी कधी मेमरीतला एखादा बिट उलटतो, म्हणजे शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होतो. तो उलटतो कशाने? १९७८ च्या सुमाराला इंटेलच्या टिमोथी मे यांनी हे कोडं सोडवलं, तेव्हा चोर घरातच निघाला: मेमरी चिपच्या सिरॅमिक वेष्टणात युरेनियम-थोरियमचे अंश होते आणि त्यांतून सुटणारे अल्फा कण बिट उलटवत होते. वेष्टण बनवणाऱ्या कारखान्याला पाणी पुरवणाऱ्या नदीच्या वरच्या अंगाला जुनी युरेनियमची खाण होती, असं सांगतात. दुसरा संशयित आकाशात. २००३ साली बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सच्या स्कारबेकमध्ये, एका उमेदवाराला अचानक ४०९६ मतं जास्त पडली. दोनाचा बारावा घात तो, म्हणजे एकच बिट उलटलेला. वैश्विक किरणांवर बोट ठेवलं गेलं, पण पुरावा कुठला मिळायला, किरण काही सही करून जात नाही.

यावरचा तोडगा बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्येच मांडून ठेवला होता. पुष्कळ सर्व्हरच्या मेमरीत ६४ बिटांमागे ८ बिट नुसते पहाऱ्याला असतात. एक बिट उलटला तर ओळखून सरळ करतात, दोन उलटले तर निदान बोंब ठोकतात. आपल्या त्या ९ वाल्या नोंदी बऱ्याचदा इथल्याच. एकाच मेमरीच्या पट्टीकडून त्या पुन्हा पुन्हा येऊ लागल्या, की शहाणा माणूस ती घात करण्याआधीच बदलतो.

खरी पंचाईत निराळीच आहे. २०२१ मध्ये गूगल आणि फेसबुकच्या (आताच्या मेटाच्या) इंजिनिअरांनी लिहिलं, की हजारो यंत्रांत प्रोसेसरचा एखाददुसरा गाभा, म्हणजे कोअर, असा निघतो जो गणित चुकतो आणि नोंदही करत नाही, कारण आपण चुकलो हे त्याला ठाऊकच नसतं. अशाला पकडायचं तर ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे तेच गणित त्याला पुन्हा पुन्हा घालायचं, कधी गरम असताना, कधी गार असताना. कारण काही गाभे असे बेरकी, की ठरावीक तापमानालाच चुकतात.