मेक्सिकोची वारी : भय आणि भत्ता

मुलगा इंग्लंड-अमेरिकेस गेला म्हणजे घरांत पेढे वांटले जातात. तोच मेक्सिकोस निघाला म्हणजे आजीची झोप उडते. हा अनुभव हल्लीं बऱ्याच घरांस येऊं लागला आहे. मोटारींचे सुटे भाग तयार करणारे कारखाने आणि संगणकाचीं कामें करणाऱ्या मोठ्या कंपन्या यांचे व्यवहार त्या देशाशीं जडले आहेत. इन्फोसिसनें तेथील मॉन्तेरेइ शहरांत २००७ सालींच आपली शाखा उघडली. अशा नोकरींत एकदां जाऊन भागत नाहीं. वर्षांतून तीनदां, तीन-तीन आठवडे, अशी ती वारीच होते. आणि दर खेपेस घरांत तेंच भय नव्यानें जागें होतें व तोच हिशेब नव्यानें मांडला जातो.

आमच्या कारध्यांतील एका एकत्र कुटुंबांत हें गेलीं कांहीं वर्षें चाललें आहे. नांवाचें प्रयोजन नाहीं. मुलगा माझा विद्यार्थी, यंत्रशास्त्राचा पदवीधर. पुण्यांतील नोकरीच्या निमित्तानें त्यास सेलाया या गांवीं जावें लागतें. आजी म्हणतात, "नोकरी सोड." वडील म्हणतात, "मिळकत पाहा." धाकटे काका म्हणतात, "नशिबांत असेल तें होईल." तिघांचीही कळकळ खरी, पण या तिन्ही वाक्यांत विचार असा कोठेंच नाहीं.

भय बसलें तें ५ जानेवारी २०२३ च्या बातमीनें. त्या दिवशीं कुलियाकान शहरीं एका कुप्रसिद्ध टोळीप्रमुखाच्या मुलास सैन्यानें पकडलें. टोळीवाल्यांनीं रस्ते अडविले, मोटारी जाळल्या, आणि उड्डाणाच्या तयारींत असलेल्या एका प्रवासी विमानास गोळी लागली. प्रवासी आसनांखालीं दडले; सुदैवानें त्यांपैकीं कोणास इजा झाली नाहीं. तें चित्र मोबाईलवर आजींच्या हातीं आलें. कुलियाकान सेलायापासून किती दूर, हें मात्र घरांत कोणीं पाहिलें नाहीं. कारध्याहून दिल्ली जितकी दूर, जवळजवळ तितकेंच तें आहे. दिल्लींत दंगा झाला म्हणून आपण भंडाऱ्याच्या बाजारास जाणें थांबवीत नाहीं.

संस्कृत व्याकरणांत भीतीचें जें कारण असेल त्यास पंचमी लावावी, असा पाणिनीचा नियम आहे. 'भितो' म्हटलें कीं 'कशापासून' हें सांगावें लागतें. वर्गांत मुलांस हा नियम रुक्ष वाटे. संसारांत तो फार उपयोगी आहे. 'मेक्सिकोचें भय वाटतें' हें वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असलें तरी अर्थानें पोकळ आहे. कोणत्या प्रांतापासून, कोणत्या रस्त्यापासून, दिवसाच्या कोणत्या प्रहरापासून?

वैनगंगेच्या कांठीं राहणारास ही रीत नवी नाहीं. कारध्याच्या पुलाशीं नदीची धोक्याची पातळी २४५.५० मीटर धरलेली आहे. आभाळ कितीही कोसळो, जाणतीं माणसें विचारतात तें एवढेंच, 'आंकडा किती झाला?' २०२० च्या ऑगस्टअखेर भंडाऱ्यांत घराघरांत पाणी शिरलें तेव्हां अफवा पुष्कळ उठल्या. कामास आला तो आंकडाच.

मेक्सिकोचा आंकडा सौम्य नाहीं, हें आधीं मान्य केलें पाहिजे. २०१८ ते २०२३ या सहा वर्षांत तेथें दरवर्षीं ३० हजारांहून अधिक खून झाले; लोकवस्ती सुमारें १३ कोटी. म्हणजे लाख माणसांमागें पंचविसाच्या आसपास. आपल्या देशांत २०२२ सालीं रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. तें प्रमाण लाखामागें बाराच्या सुमारास पडतें. तेव्हां 'आपला महामार्ग काय कमी भयंकर आहे?' असें म्हणून आजींस गप्प करणारे हिशेबांत कच्चे आहेत. पण हे खून सगळीकडे सारखे पसरलेले नाहींत. त्यांतील फार मोठा भाग टोळ्यांच्या वैरांतून होतो, आणि तें वैर विशिष्ट प्रांतांत व विशिष्ट रस्त्यांवर सांचलेलें असतें. अमेरिकेचें परराष्ट्रखातें आपल्या नागरिकांसाठीं मेक्सिकोची प्रांतवार प्रतवारी प्रसिद्ध करतें. सिनालोआ, कोलिमा, गेरेरो, मिचोआकान, तामाउलिपास व झाकातेकास या सहा प्रांतांत 'जाऊं नये' असें तें अलीकडे सांगत आलें आहे. उलट युकातान प्रांतास त्यानें सर्वांत निर्धास्त पायरीवर ठेविलें आहे. कुलियाकान सिनालोआची राजधानी आहे. एकाच देशांत इतकें अंतर असतें.

आमच्या विद्यार्थ्याचें सेलाया गुआनाह्वातो प्रांतांत येतें. होंडाचा कारखाना तेथेंच. जनरल मोटर्स, माझ्दा, टोयोटा हेही त्याच प्रांतांत. दुर्दैव असें कीं, खुनांची एकूण संख्या पाहिली तर अलीकडील वर्षांत हाच प्रांत देशांत पुढें राहिला आहे. म्हणजे आजींचें भय निराधार नव्हतें. तें फक्त भलत्या गांवास चिकटलें होतें. आणि सेलायापासून सुमारें ५० किलोमीटरांवर केरेतारो हें शहर आहे, निराळ्या प्रांतांतलें, त्या मानानें पुष्कळ शांत.

आतां खर्च. भारतांतून मेक्सिकोस थेट विमान नाहीं. इस्तंबूल, पॅरिस, ॲमस्टरडॅम अशा कोठल्या तरी ठिकाणीं बदलावें लागतें. अमेरिकेवरून जावयाचें तर नुसतें विमान बदलण्यापुरतेंही त्या देशाचें प्रवेशपत्र लागतें; पण तें एकदां मिळालें, आणि तें बहुधा १० वर्षांचें मिळतें, म्हणजे थोडक्या मुक्कामासाठीं मेक्सिकोचें वेगळें प्रवेशपत्र काढावें लागत नाहीं. वारंवार जाणारास हा मोठाच लाभ आहे. (मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर, हवा विरळ, तेथून पूर्ण भारानें उडणें जड जातें, म्हणून इस्तंबूलकडे परतणारें विमान वाटेंत कान्कुन येथें उतरून जातें.) हें सारें भाडें कंपनी देते, घराचा खरा संबंध भत्त्याशीं.

भत्ता रोजाचा ठरलेला असतो. त्यांतून राहणें, जेवण, फिरणें भागवावयाचें. उरेल तें ज्याचें त्याचें. येथेंच सगळी मेख आहे. मुलगा दर खेपेस भत्त्यांतून बरीच रक्कम मागें टाकी. त्या पैशांतून माडीवर दोन खोल्या झाल्या, बहिणीच्या लग्नाच्या खर्चास हातभार लागला. घरांत कौतुक झालें. पण तो पैसा कशांतून वांचला, हें कोणी विचारलें नाहीं. तो वांचे सेलायांतील स्वस्त खोलींत राहून. तो वांचे फुकटच्या जुन्या रस्त्यानें गेल्यानें. तिकडे प्रमुख शहरांमध्यें पथकराचा रस्ता व बिनकराचा रस्ता असे दोन असतात, आणि प्रवाशानें पथकराच्या रस्त्यानें, तेंही दिवसाउजेडीं जावें, असें सगळेच सांगतात. तो वांचे विमानतळांतील खिडकीवर आगाऊ पैसे भरून मिळणारी अधिकृत टॅक्सी सोडून बाहेर उभी असलेली गाडी केल्यानें. आजार-अपघाताचा विमाही कमींत कमी रकमेचा. वास्तविक तिकडील खाजगी इस्पितळांत बहुधा आधीं पैशांची हमी मागतात. एकूण, ज्या घरांत रात्रीं मुलासाठीं रामरक्षा म्हटली जाई, तेंच घर सकाळीं त्याच्या सुरक्षिततेतून उरलेले पैसे मोजून घेई. मी हें त्यांच्या ओसरीवर बसून स्पष्ट बोललों. काकांस तें रुचलें नाहीं. पण आजींनीं ऐकून घेतलें.

वारंवार जाणाराची एक गोष्ट निराळी आहे. नवख्यापेक्षां त्यास वाट, भाषा, माणसें ठाऊक असतात, म्हणून भय कमी. परंतु तोच मुक्काम, तीच वेळ, तोच रस्ता असा त्याचा परिपाठ इतरांसही ठाऊक होतो, म्हणून तें अधिक. वेळ बदलती ठेवावी. रोकड बँकेंतील किंवा मोठ्या दुकानांतील यंत्रांतूनच, दिवसा काढावी.

विदर्भास मेक्सिको अगदींच अनोळखी नाहीं. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे क्रांतिकार्यासाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं देशाबाहेर पडले आणि पुढें मेक्सिकोंतील चापिंगो येथील शेतकी विद्यालयांत प्राध्यापक झाले. मका व गहूं यांवर त्यांनीं तेथें काम केलें, शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकारानें आपल्या भित्तिचित्रांत त्यांस स्थान दिलें. स्वातंत्र्यानंतर ते स्वदेशीं परतले, आणि १९६७ सालीं नागपुरास त्यांचा अंत झाला. त्या काळीं वर्ध्याच्या घरीं बातमी पोहोंचणेंच दुरापास्त होतें.

आज बातमी क्षणांत येते, आणि त्यांतून एक नवें भय उपजलें आहे. मेक्सिकोंत एक फसवणूक फार चालते. माणूस पळविलेलाच नसतो. परंतु घरच्यांस दूरध्वनि येतो, मागें कोणी रडत असतें, आणि 'तुमचा मुलगा आमच्या ताब्यांत आहे, पैसे पाठवा' असें सांगितलें जातें. मुलास निराळ्या बहाण्यानें फोन बंद ठेवावयास लावलेलें असतें. हें भय सेलायांत नाहीं, कारध्यांत माजघरांत येऊन पोहोंचणारें आहे. त्यावर उपाय असा कीं, घरांतल्या माणसांनींच जाणावा असा एक शब्द ठरवून ठेवावा. जो तो सांगूं शकत नाहीं त्याच्याशीं बोलणें वाढवूं नये. शिवाय मुलाच्या सहकाऱ्याचा, मुक्कामाचा व मेक्सिको शहरांतील आपल्या दूतावासाचा क्रमांक कागदावर लिहून भिंतीस लावावा; मोबाईलमध्यें साठविलेला क्रमांक ऐन वेळीं म्हाताऱ्या माणसांस सांपडत नाहीं.

जेवणाची चिंता त्या मानानें लहान. मक्याची भाकरी तेथें घरोघर, मिरची तर मुळांत त्याच देशाची. आपल्या भिवापुरी मिरचीचें मूळ माहेर तेंच. मात्र घेवड्याच्या उसळींत डुकराची चरबी घालण्याची रीत आहे, तेव्हां शाकाहारी माणसानें आधीं विचारून घ्यावें.

आमच्या शेजाऱ्यांनीं अखेर असें ठरविलें. मुलानें केरेतारोंत राहावें, पथकराच्या रस्त्यानें दिवसा जावें-यावें, विमा मोठा घ्यावा. भत्ता उरला नाहीं तरी चालेल. माडीवरची तिसरी खोली राहिली. गुप्त शब्द आजींनीं निवडला. तो मला ठाऊक नाहीं, आणि शेजाऱ्यास तो ठाऊक नसावा हेंच बरें. माझा हट्ट एवढाच चालला कीं, नागपूरच्या विमानतळापर्यंतचे साठ-सत्तर किलोमीटर त्यानें अपरात्रीं मोटारीनें जाऊं नये. संध्याकाळींच जाऊन तेथें मामांकडे निजावें.