धक्क्यावर चालणारा ब्रेक

अमेरिकेत तळ्याकाठच्या गावांतून फिरलं की घरांच्या अंगणात ट्रेलरवर चढवलेल्या बोटी दिसतात. सुटी लागली की ट्रेलर पिकअपला जोडायचा, रॅम्पवर उलटा घ्यायचा, चाकांसकट पाण्यात उतरवायचा आणि बोट तरंगवायची. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तर ते पाणीही खारं. ब्रेकचा शत्रू म्हणजे ओल, आणि या ट्रेलरचं कामच पाण्यात बुडण्याचं.

या ट्रेलरवर बहुधा ‘सर्ज ब्रेक’ असतो. त्याला ना पॅडल, ना हवेची नळी. गाडीचा ब्रेक दाबला की गाडी मंदावते. मागचा बोजा मात्र आपल्याच वेगात पुढे रेटतो. त्या रेट्याने जोडणीचा सरकता भाग आत जातो, मास्टर सिलिंडरचा दट्ट्या दबतो, ऑइलचा दाब चाकांपर्यंत पोचतो आणि शू ड्रमला भिडतात. १९२१च्या ड्यूसेनबर्ग मोटारीने चारही चाकांवर आणलेलं हायड्रॉलिक तंत्रच हे. इथे पायाचं काम बोजा करतो. ब्रेक लागायला वीज लागत नाही, म्हणून बुडणाऱ्या ट्रेलरला ही योजना मानवली.

तिची एक खोड आहे. चढावर ट्रेलर मागे ढकलला, तरी जोडणी आतच दबते आणि ब्रेक लागतो. त्यावर दोन तोडगे निघाले : उलट फिरताना पकड सैल करणारे ड्रम, किंवा रिव्हर्स लाइटच्या वायरवर चालणारा आणि ऑइलची वाट अडवणारा सोलेनॉइड.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांवरच्या, म्हणजे सुमारे १,३६० किलोंवरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचा आहे. तरी बंद ब्रेकचे जुने ट्रेलर रस्त्यावर सर्रास धावतात, कारण ब्रेक मेलेला कळतच नाही. सपाट रस्त्यावर गाडीचेच ब्रेक दोघांचा भार सोसतात. उतार लागला किंवा पुढचा अचानक थांबला, की हिशेब चुकता होतो.

ड्रम उघडला की दुखणं दिसतं. व्हील सिलिंडरचे दट्टे गंजून जाम झालेले, लायनरखाली गंज फुगून लायनर शूपासून सुटलेला. चासीच्या पोकळीतून गेलेल्या स्टीलच्या नळ्या नजरेआड कुजतात. रबरी होज आतून फुगला तर ऑइल जातं, पण परतत नाही. ब्रेक अडकून चाक तापतं. ऑइलही ओल पितं : डॉट-३ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २०५ अंश सेल्सिअस, ओल धरल्यावर १४०.

दुरुस्तीत कारागिरीपेक्षा क्रमाला महत्त्व. ट्रेलर गाडीला जोडलेला ठेवून, दुसऱ्या बाजूच्या चाकांना उटी लावून चाक उचलायचं. ड्रम निघत नसेल तर मागच्या फटीतून अ‍ॅडजस्टर सैल करायचा. आतला सांगाडा कुजला असेल तर एकेक सुटा भाग न जोडता प्लेटसकट अख्खा संच बदललेला परवडतो. मात्र डावा-उजवा संच वेगळा असतो आणि आखूड लायनरचा शू पुढच्या बाजूला येतो. नळ्या तांबं-निकेल मिश्रधातूच्या घेतल्या तर गंजाची कटकट मिटते. ड्रमऐवजी डिस्क बसवणाऱ्याने मास्टर सिलिंडरही तपासावा : ड्रमसाठी लाइनमध्ये थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह डिस्कला चालत नाही, पॅड घासत राहतात. शेवटी सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढायची, आणि ट्रेलर सुटला तर ब्रेक ओढणारी सुरक्षेची केबलही बघायची.

एवढं करूनही खाऱ्या पाण्यातून आल्यावर ड्रम गोड्या पाण्याने धुतले नाहीत, तर सगळी मेहनत वाया.

जुना ट्रेलर घेणाऱ्याने बोटीचं इंजिन ऐकण्याआधी एक परीक्षा घ्यावी. चाक उचलावं, जोडणी आत दाबून धरायला कुणाला तरी सांगावं आणि चाक पुढच्या दिशेने फिरवून पाहावं. ते फिरलं, तर ट्रेलरला ब्रेक नाही असं धरूनच किंमत ठरवावी.